खालून भरत आलं पाहिजे

दोन जानेवारीला सकाळी अकरा वाजता अमरावतीत डॉ. साधना खारोडे यांनी माझ्या माकडहाडावरची गाठ फोडली, तेव्हा मी पालथा पडून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. माणसानं अशा वेळी देवाचं नाव घ्यावं. मी एकवीस तारीख शोधत होतो.

एकवीसला अकोल्यात मला एका शाळेची बस चालवून दाखवायची होती. त्या शाळेचा जुना ड्रायव्हर एकतीस जानेवारीला रिटायर होणार होता आणि एक फेब्रुवारीपासून त्याची सीट रिकामी होती. पक्की नोकरी, डांबरी रस्ता, रविवारी सुट्टी. शाळेच्या गाड्यांचं बघणारे महादेवराव फोनवर म्हणाले होते की एकवीसला ये, तू नाही आलास तर यादीत पुढं शुभम नावाचा पोरगा आहे, तो येईल. त्या शुभमला मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. पण त्या दिवसांत जगात सगळ्यात जास्त विचार मी कोणाचा केला असेल तर त्याचा. माझ्या डोक्यात तो कायम बसलेला असायचा. खुर्चीत, पायावर पाय टाकून.

कारण मला बसता येत नव्हतं.

सात वर्षं मी परतवाडा ते धारणी जीप चालवली. तो रस्ता तुम्ही पाहिला नसेल तर एवढंच सांगतो, की पुढं रस्ता आहे असं समजून गाडी चालवावी लागते. सात वर्षं मी त्या सीटवर आपटलो. शेवटी सीटच माझ्या आत शिरली, असं माझं निदान होतं. मॅडमचं निदान होतं की तिथले केस कातडीत घुसतात, घासून घासून आत पोकळी होते, मग पू. बाहेरून सुपारीएवढं दिसत होतं. फोडल्यावर मॅडमनी नर्सला आणखी गॉज मागितलं, मग आणखी मागितलं, तेव्हा मला कळलं की आत सुपारीपेक्षा मोठं दुकान होतं.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागं एक विहीर काढली. म्हणाल्या, विहीर बुजवताना वर फळी टाकून त्यावर माती लोटली तर चालेल का? मी म्हटलं, नाही, कोणीतरी पडेल. तसंच हे, खालून भरत आलं पाहिजे, वरचं तोंड सगळ्यात शेवटी बंद व्हायला पाहिजे. रोज जुनं गॉज काढायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, सलाइनमध्ये भिजवलेली पट्टी आत सैल ठेवायची, ठासायची नाही. वर कोरडं गॉज. आजूबाजूचे केस काढत राहायचे. हळद, तेल, कोणाचा पाला, काही नको. रोज फोटो पाठवायचा, नऊ तारखेला दाखवायला यायचं. आणि तीन आठवडे बसायचं नाही.

मी विचारलं, गाडी चालवली तर?

"गाडी काय उभं राहून चालवतोस?"

दोन आणि एकवीस, तेवीस. दोन दिवस कमी पडत होते. मी टेबलावरून उतरलो तोच शुभम खुर्चीत जरा सावरून बसला.

घरी आल्यावर प्रश्न आला की हे रोज करणार कोण. जखम अशा ठिकाणी की ज्याची आहे त्यालाच ती कधी दिसणार नाही. आई म्हणाली, मी करते, म्यां नाही का तुले धुतलं लहानपणी. तिनं गॉज काढलं, आत बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग तिला मीच पाणी आणून दिलं. उभ्या उभ्या. शेवटी बाबा हात धुऊन आले.

बाबा, म्हणजे किसनराव, डोळे बांधतात. संत्र्याचं झाड बीपासून कोणी लावत नाही. जंभेरीचं रोप घ्यायचं, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीला चाकूनं उभी-आडवी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, आत संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं असं आवळायचं की आत ना हवा गेली पाहिजे ना पाणी. पंधरा-वीस दिवसांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला तर धरला. बाबा हे काम तीस वर्षं करतात. थंडीत नर्सरीवाले त्यांना घ्यायला मोटरसायकल पाठवतात. त्यांच्या हातचे शंभरातले पंच्याण्णव धरतात. उरलेले पाच मालकाच्या चुकीनं मरतात.

मी खाटेवर पालथा पडलो. बाबांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणजे त्या बाजूकडे. मग म्हणाले, "साल चांगली हाये."

पहिले तीन दिवस त्यांनी सगळं मॅडमनं सांगितलं तसं केलं. हात हलका. गॉज निघालेलं कळायचं नाही. केस काढताना नवं ब्लेड वापरलं आणि जखमेभोवती असं गोल साफ केलं की आई म्हणाली, आळं केलं का काय झाडाचं. बाबांना यात चेष्टा दिसली नाही. आळंच होतं ते.

मी मात्र दिवसभर चालत होतो. पडून राहावं तर पोटावर किती पडणार. उभं राहिलो की पाय आपोआप चालायला लागायचे. दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून दारापर्यंत. गाय पहिल्या दिवशी मान वळवून बघायची, तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यातला रस सोडला. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं. आणि आपल्याकडे पाहुण्याला पहिला शब्द काय, तर बसा. दुसरा शब्द, बसा ना. घरच्या माणसाला सुद्धा कोणी उभं राहू देत नाही. शेजारच्या चतुराबाई आल्या की म्हणायच्या, बस ना रे बाबू, काहून उभा? आता यांना काय सांगायचं. आईनं एकदा घाईत सांगून टाकलं की त्याचं नोकरीचं आहे, तोवर तो बसत नाही.

शब्दन् शब्द खरा होता.

चौथ्या दिवशी गावात झालं की किसनरावाच्या पियुषनं नवस बोलला, नोकरी लागेपर्यंत बूड टेकवणार नाही. दोन पोरं मला बघायला आली आणि मी गोठ्यापर्यंत जाऊन येईपर्यंत हात जोडून थांबली. चतुराबाईंनी नारळ आणून दिला. म्हणाल्या, आजकालच्या पोरांत अशी श्रद्धा राहिली नाही. मी नारळ घेतला. नाकारायला बसून समजावून सांगावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी बाबांनी गॉज काढलं आणि नवीन ठेवायच्या आधी थांबले. मला मागचं दिसत नव्हतं, पण त्यांचा चाकू चालवण्याच्या आधीचा श्वास मी ओळखतो.

"पियुष, तुले एकवीसले बसा लागते ना?"

"हो."

"अन मॅडमच्या हिशोबानं तेवीस."

"हो."

"मंग त्या दोन दिवसाचं मी पाह्यतो."

यानंतर बाबांनी मला समजावलं की सालीला चीर देऊन ती उघडी ठेवायची, रोज तिच्यात पाणी घालायचं, ओली चिंधी कोंबायची, असं कोणत्या बगिच्यात करतात? असं केलं तर खुंट सडतो. मॅडम शिकलेल्या आहेत, पण त्यांनी आयुष्यात डोळे किती बांधले? मी म्हणायला पाहिजे होतं की मॅडमनी विहीर काढून दाखवली आहे. मी म्हटलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं एकवीस तारीख होती आणि बाबांचा शंभरातले पंच्याण्णव हा आकडा होता. हे इथंच कबूल करतो, कारण नंतर सगळा दोष त्यांनी एकट्यानं घेतला.

त्या दिवशी आत पट्टी कमी गेली. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. बाबांनी दोन्ही कडा बोटांनी जवळ आणल्या आणि चिकटपट्ट्या अशा ओढून लावल्या, एकीवर एक चढवत, खालून वर, की मला उठताना वाटलं कोणीतरी मागून माझी पँट धरून ठेवली आहे. आठ तारखेला पट्ट्या काढल्या तर जखमेच्या जागी एक बारीक रेघ. आईनं दुरून बघितलं आणि या वेळी ती बसली नाही. बाबा नुसते हात पुसत राहिले. डोळा धरला की ते असंच करतात.

नऊ तारखेला दाखवायला जायचं होतं. बाबांना नर्सरीवर काम निघालं आणि मला कारण सापडलं, की अमरावतीला जायचं तर बसमध्ये बसावं लागेल. फोटोही आम्ही पाठवला नाही. दवाखान्यातून फोन आला तर मी म्हटलं की एकदम चांगलं आहे, रेघसुद्धा दिसत नाही. पलीकडची नर्स म्हणाली, रेघ? तेवढ्यात आमच्याकडची रेंज गेली. म्हणजे मी घालवली.

त्या दुपारी घरी कोणी नसताना मी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसलो. चार मिनिटं. पुढं स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले, डाव्या पायानं क्लच दाबला, अकोल्याच्या रस्त्यावर एका म्हातारीला वाट दिली. माझ्या डोक्यातला शुभम त्या दिवशी पहिल्यांदा उभा राहिला.

दहा तारखेला आत ठणका सुरू झाला. अकराला तो माझ्याबरोबर चालायला लागला. मी पाय टाकला की तोही टाकायचा. अंग कोमट. मी कोणाला बोललो नाही. दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून गोठ्यापर्यंत, पण आता वेग वाढला होता. आई म्हणाली, बाप्पा, हळू, कोणती गाडी सुटून राह्यली तुही? बारा तारखेला बाबांनी पट्टी काढली आणि बराच वेळ हात लावला नाही. मग म्हणाले की जरा फुगल्यासारखं दिसतं, पण धरताना सुरुवातीला तसं दिसतं. एक फोटो काढून ठेवतो, मॅडमला पाठवून टाकू, म्हणजे त्यांच्याही मनाला बरं.

बाबांनी फोटो काढला. अगदी जवळून, कारण नर्सरीच्या सवयीनं ते सगळे फोटो जवळून काढतात. आणि पाठवला. पण मॅडमला नाही. सकाळपासून बाबांच्या मोबाईलवर डोळे बांधणाऱ्यांचा ग्रुप वाजत होता, तोच वर उघडा होता. दोनशे चौदा माणसं. मोर्शी, वरूड, शेंदूरजना, पार सावनेरपर्यंतची.

चूक आमच्या लक्षात आली तोवर अकरा उत्तरं आली होती. एकानं लिहिलं, साल मस्त बसली भाऊ. एकानं लिहिलं, पाणी कमी करा. तिसऱ्यानं विचारलं, झाड किती वर्षांचं? चौथा म्हणाला, खोडावर असे बारीक केस दिसून राहिले, ही कोणती जात, नवीन आली का? त्याला पाचव्यानं खात्रीनं उत्तर दिलं की ही कृषी विद्यापीठाची आहे, त्यानं अकोल्याच्या प्रदर्शनात पाहिली. दोघांनी रोपं कुठं मिळतील ते विचारलं.

मी खाटेवर पालथा पडून हे सगळं वाचत होतो. माणसाच्या आयुष्यात असा दिवस एखादाच येतो.

बाबा फोटो काढून टाकायला गेले तोवर फोन वाजला. नत्थुजी. बाबांना चाकू धरायला शिकवणारे हे, वय ऐंशीच्या आसपास, फोनवर असे बोलतात की फोनची गरज पडू नये. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"किसन, कोनाच्या बगिच्यातलं हाये हे?"

"घरचंच हाये, काका."

"घरचं हाये अन असं बांधलं? वरून बसली रे साल, पन आत पानी धरून राह्यलं. कडा पाह्य कशा फुगल्या. म्यां शिकवलं ना तुले, आत रिकामं असन तं बांधाचं नाई म्हनून. आज खोल. उद्या बुडापर्यंत जाईन."

बाबा होय होय म्हणत राहिले. शेवटी नत्थुजींनी विचारलं, खुंट कोणता? बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "जंभेरी." मग फोन ठेवला, सदरा घातला आणि मला म्हणाले की चल, अमरावतीला जाऊ. मी म्हटलं, बसून? ते म्हणाले, जीपमध्ये आडवा पड.

मॅडमनी पट्टी काढली, बोटानं जरा दाबलं आणि मी टेबलाची कड धरली. त्या म्हणाल्या, हे बांधलं कोणी?

"म्यांच," बाबा म्हणाले.

"फार सुंदर बांधलंय. चुकीचं बांधलंय."

बाबांनी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. चीर, डोळा, पट्टी, हवा. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, काका, तुम्ही सालीच्या आत काय ठेवता? बाबा म्हणाले, डोळा. इथं आत काय होतं? बाबा म्हणाले, काहीच नव्हतं.

"मग काही नसलेलं बांधून ठेवलं तर काय उगवेल?"

जे उगवलं होतं ते त्यांनी पुढच्या दहा मिनिटांत काढलं. सुई दिली होती तरी मी टेबलाची दुसरी कडही धरली. आता जखम आधीपेक्षा लांब झाली होती आणि खोलही. मॅडमनी नवीन हिशोब सांगितला, आजपासून किमान चार आठवडे. मी एकवीस तारखेचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, शुभमचं सांगायचं राहिलं. त्या म्हणाल्या की बसूच नको. मी टेबलावरून उतरेना तेव्हा म्हणाल्या, दहा मिनिटं. एका बाजूवर. आणि त्यानंतर लगेच ड्रेसिंग बदलायचं. दहा म्हणजे दहा.

परत येताना बाबा जीपमध्ये पुढं बसले होते. मी मागं आडवा. धारणीचे दोन पॅसेंजर माझ्या पायांशी आखडून बसले आणि पूर्ण रस्ता माझ्याकडे प्रेताकडे बघावं तसं बघत होते. बाबा एकदाही मागं वळले नाहीत.

पुढचे दिवस त्यांनी चाकूला हात लावला नाही. नर्सरीची मोटरसायकल येऊन परत गेली. सकाळी कोमट पाणी, सलाइन, पट्टी सैल. पहिल्या दिवशी आत एक वीत पट्टी गेली. बाबा रोज तेवढंच सांगायचे, आज एवढी गेली, आणि बोटांनी हवेत लांबी दाखवायचे. वीत, मग वितीला चार बोटं कमी. मी विचारायचो की लवकर भरतंय का? ते सलाइनच्या बाटलीचं झाकण लावायचे. हे मला जखमेपेक्षा जास्त लागत होतं. मी गोठ्यापर्यंत जाऊन परत यायचो आणि पुन्हा विचारायचो.

महादेवरावांना फोन करावा असं रोज वाटायचं. तीनदा नंबर लावला, तीनदा कट केला. बसता येत नाही हे बसच्या ड्रायव्हरनं सांगायचं कसं?

एकवीसला सकाळी आम्ही परतवाड्याहून अकोल्याची बस पकडली. मी उभा. अर्ध्या सीटा रिकाम्या होत्या. बाबा सलाइन, गॉज आणि चिकटपट्टीची पिशवी मांडीवर घेऊन बसले. ठरलं असं होतं की बस चालवून झाली की कुठंतरी आडोसा शोधून ड्रेसिंग बदलायचं आणि कोणाला काही बोलायचं नाही. एक तारखेचं एक तारखेला बघू. हे मी ठरवलं होतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

महादेवराव साठीच्या आसपासचे, गळ्यात मफलर, चालताना डावा खांदा खाली. पूर्वी ट्रकवर होते. त्यांनी बाबांचं नाव विचारलं आणि मला खुर्ची पुढं केली. मी म्हटलं, उभाच बरा. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी बाबांकडे बघून मान हलवली. मुलांना सोडून बस रिकामी उभी होती. एक चक्कर मारून यायचं होतं, जठारपेठेतून पुढं आणि मागच्या रस्त्यानं परत, आठ-दहा मिनिटांचं काम. महादेवराव माझ्या डाव्या हाताला, बाबा शेवटच्या सीटवर.

मी डाव्या मांडीवर बसलो. गाडी काढली.

गाडी चांगली होती. क्लच लोण्यासारखा. जठारपेठेत भाजीच्या गाड्या रस्त्यात आल्या होत्या, एक बाई पोराला शेंबूड पुसायला मध्येच थांबली, एक रिक्षावाला उलटा आला. मी कोणालाच हॉर्न मारला नाही. माझं सगळं लक्ष घड्याळावर आणि डाव्या मांडीवर होतं, त्यामुळे माझं ड्रायव्हिंग फार शांत दिसत असणार. सहा मिनिटं झाली. आणि पुढं रेल्वेचं फाटक पडलं.

मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि उभा राहिलो. बसचं छप्पर पुढं खाली होतं, त्यामुळे मी काटकोनात उभा राहिलो. महादेवरावांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मान आखडली. माणूस मान मोकळी करायला कमरेत वाकून, छपराला डोकं लावून उभा राहतो का, हे त्यांनी विचारलं नाही. एक मालगाडी गेली. फाटक उघडलं नाही. मागं कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, जसं काही फाटक माझ्या खिशात आहे. दुसरी मालगाडी विरुद्ध बाजूनं आली आणि इतकी लांब होती की मधल्या डब्यांवर माझा विश्वास बसेना. पाय थरथरायला लागले. मग फाटक उघडलं आणि सगळ्यांनी एकदम गाड्या काढल्या. मला झटकन बसावं लागलं. मांडी-बिंडी काही नाही, सरळ बसलो, सगळा.

डोळ्यांपुढं पिवळं झालं. तरी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. शाळेच्या आवारात गाडी लावली, दोन झाडांच्या मध्ये, सरळ. मागं पँट ओली लागत होती.

मी उठलो. महादेवराव सीटकडे बघत होते. राखाडी कव्हरवर आठ आण्याच्या नाण्याएवढा लाल डाग होता.

"हे काय रे?"

मी मान म्हणणार होतो. पण बाबा मागून पिशवी घेऊन पुढं आले होते आणि त्यांनी सरळ सांगितलं की जखम आहे, ड्रेसिंग आत्ताच बदलावं लागतं, जागा द्या. महादेवरावांनी दोघांकडे पाळीपाळीनं बघितलं. मग बसचं दार ओढून घेतलं, खिडक्यांचे पडदे सारले आणि मला मागच्या लांब सीटवर पडायला सांगितलं.

मी पालथा पडलो. नाकासमोर सीटच्या पाठीवर कोणत्या तरी पोरानं पेनानं विमान काढलं होतं. बाबांनी हातावर सॅनिटायझर घेतलं. पट्टी निघताना कळली नाही. महादेवराव वाकून बघत असावेत, कारण त्यांचा मफलर माझ्या पायाला लागला.

"बापा," ते म्हणाले. "एवढं खोल." थोडं थांबून, "किती दिवस लागन?"

"आठ," मी विमानाला सांगितलं.

"तुले नाई इचारलं. तुले तं दिसत बी नाई." मग त्यांचा आवाज वर सरकला. "किसनराव, तुमी सांगा. एक तारखेले बसन का हा?"

बाबांचे हात थांबले. बाहेर कोणत्या तरी वर्गात पाढे चालले होते. मला वाटत होतं, म्हणा आठ. नऊ म्हणा. चार आठवड्यांतला सव्वा आठवडा तर झालाच आहे, उरलेल्याचं काय घेऊन बसलात, बोलून टाका, मग आपण घरी जाऊन बघू. मी बोटांनी सीटचा रेक्झिन इतका ओढला की एक टाका उसवला.

"नाई," बाबा म्हणाले.

"मंग कवा?"

"दहा फेब्रुवारी. त्याच्या आधी नाई. मांगच्या बारीनं म्यांच घाई केली, वरून बुजवून टाकलं, म्हनून पुन्हा फाडा लागलं. आता खालून भरून राह्यलं. जेवढं भरन तेवढंच भरन."

महादेवरावांनी मोबाईल काढला. बटनं दाबल्याचा आवाज आला आणि मला शुभमचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला, तो शर्टाला इस्त्री करत होता. पलीकडे कोणीतरी फोन उचलला. महादेवराव म्हणाले की मी बोलून राहिलो, ऐक, तुझे एकतीसनंतर आणखी दहा दिवस पाहिजेत. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. शिव्या असाव्यात, पण जुन्या ओळखीतल्या. महादेवराव मध्ये मध्ये हूं म्हणत होते. लेकीकडे नंतर जा, ते म्हणाले. सत्कार होईन ना बावा, हारतुरे काय पळून चालले. कामाचं म्हणशील तर बसाचंच काम हाये तुले.

जुना ड्रायव्हर. मी श्वास सोडला तर बाबा म्हणाले, हलू नको.

फोन ठेवून महादेवराव म्हणाले, अकरा तारखेला सकाळी साडेसहाला गेटवर यायचं. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठी नसली तर त्याच दिवशी शुभमला बोलावतो, मग मला मान दाखवू नको. गाडी मात्र बरी चालवतोस. एवढं बोलून ते पाण्याची बाटली आणि फडकं शोधायला पुढं गेले आणि ड्रायव्हरच्या सीटवरचा डाग पुसायला लागले.

बाबांनी नवीन पट्टी भिजवली. आत सोडताना पहिल्यांदाच मला तिची लांबी कळल्यासारखी वाटली, सावकाश, बोटा-बोटानं. मी विचारलं, आज किती? ते म्हणाले, पडून राह्य. मी पडून राहिलो. पण उजवा पाय काही केल्या थांबेना. सीटच्या कडेवर तो आपला ब्रेक शोधत होता, दाबत होता, सोडत होता, आणि बाबांनी शेवटी डाव्या हातानं घोटा धरून ठेवला आणि उजव्या हातानं चिकटपट्टी लावली, सैल.